एकटीचं सुधरणं

पाटलीणबाईंच्या सुनेनं तांब्या उंच धरला आणि खाली बसलेल्या बाईच्या ओंजळीत पाणी सोडलं. धार चुकली. अर्धं पाणी बाईच्या नाकातोंडावर, छातीवर. ती ठसकली. सून हसली. आत बसलेल्या बायका पण हसल्या.

मी आत होते. सतरंजीवर. माझ्या हातात कपबशी होती.

पाटलीणबाई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुम्ही त्यायच्यातल्या वाटतच नाई. तुम्ही सुधरल्या. ह्या बाया काई सुधरत नाई पाहा."

मी पण हसले. थोडंसंच. पण हसले.

अंगणात ठसकत होती ती माझी सख्खी बहीण होती.

तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं. परक्या बाईकडे बघावं तसं. मग वेचलेल्या कापसाचं गाठोडं उचलून वजनकाट्याकडे निघून गेली.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ऐंशी-एक्याऐंशीचं साल असेल. वडनेरच्या बाजूला एका गावात मी शाळेवर होते. नवरा पुलगावला नोकरीला, मी खोली घेऊन एकटी. ताई नाल्यापलीकडच्या गावात दिली होती. तिकडच्या बाया वेचणीला इकडे यायच्या. आम्ही बहिणी आहोत हे या गावात कोणाला माहीत नव्हतं. मी बदलून आले तेव्हा ताईनंच सांगितलं होतं, "मले ओळख दाखवू नको. तुह्या नोकरीले बरं नाई दिसत." मी नाही म्हटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. ते आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

माझा बाप हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये रुईचे बोजे उचलायचा. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि घरातले देव नदीला दिले. दारू सोडली. मेलेल्या ढोराचं मटण सोडलं. रोज सांगायचा, आधी आपण सुधरा, मग जग आपोआप सुधरते. ताई चौथीत होती. आई खाटेवर पडली आणि ताई निंदणाला जायला लागली. मी शाळेत जायला लागले. तिच्या मजुरीवर मी मॅट्रिक झाले, डी.एड. झाले. 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' म्हणायला शिकले. पांढरी साडी, आखूड नखं, हळू बोलणं. बापानं सांगितलं तसं सगळं केलं. आमच्यात हळदीकुंकू बंद झालं होतं. तरी आमंत्रण आलं तेव्हा मी गेले. त्या घरात आत बसायला मिळणार, याचंच मला अप्रूप.

रविवारी मी ताईकडे गेले. माफी मागायची असं रस्ताभर घोकत गेले. मागितली नाही. ताई चुलीशी होती. तिनं चहा टाकला आणि स्वतःच म्हणाली की मला आत बसलेली बघून तिला बरं वाटलं. बाबाचं खरं झालं, असं वाटलं.

शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग चहा गाळता गाळता म्हणाली, "एक सांग. मी काऊन नाई सुधरली? रोज आंघोळ करतो. घरात दारू नाई. पोरगी शाळेत जाते. अजून काय करू?"

मी शिक्षिका. चहा संपवला आणि उठले.

वेचणी संपायच्या दिवशी पाटलीणबाईंनी मला पुन्हा चहाला बोलावलं. मी ठरवून गेले. अंगणात बाया वजनाची वाट बघत बसल्या होत्या. ताई पण होती. सून तांब्या घेऊन निघाली तशी मी कप खाली ठेवला आणि उठले.

"ते माही सख्खी बहीण हाये," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी ती बोली तोंडात आली. "तिले गिलासात पाणी द्या. नाईतर मले बी वरूनच ओता."

मी अंगणात उतरले. ताईच्या शेजारी बसले आणि ओंजळ पुढे केली.

कोणी ओतलं नाही. सून तांब्या धरून तशीच उभी. पाटलीणबाई ओट्यावर आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "आम्ही तुमचा मान ठेवला, मास्तरीणबाई. तुम्ही आमचा नाई ठेवला." आणि आत गेल्या.

घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. आपण काही केलं, असं वाटत होतं. ताई माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नाल्यापलीकडच्या बायांना त्या घरानं काम बंद केलं. गव्हाची सोंगणी, तुरी, काही नाही. आसपासच्या शेतवाल्यांनी पण त्यांचंच बघून नाही म्हटलं. माझी नोकरी चालू होती. मला कोणी काही केलं नाही. मला हे कळलं ते उन्हाळा लागल्यावर. मी पळत गेले. ताईची पोरगी दारात गवऱ्या थापत होती. शाळेचा दिवस होता.

ताई म्हणाली, "तू उठली, चांगलं केलं. पण आमाले इचारलं का?" तिनं थंड चुलीकडे हात केला. "तुले मयन्याले पगार येते. ह्या बायांच्या चुली इझल्या."

हळदीकुंकवाला गप्प बसले ते माझ्यासाठी. अंगणात बोलले ते पण माझ्यासाठीच. मला माझं मन धुऊन काढायचं होतं. ते धुतलं. पाणी बायांच्या चुलीत गेलं.

मी म्हटलं, पोरगी मला दे. माझ्याजवळ ठेवते. शिकवते, नोकरीला लावते.

ताईनं नकारार्थी मान हलवली. "एकीले वर काढून पाहलं. काय झालं ते तुले मालूम हाये. शिकवाचं त सगळ्याइले शिकव. अन् इथं येऊन शिकव."

मी जायला लागले. शाळा सुटली की नाला ओलांडून. आधी पोरी आल्या, मग त्यांच्या आया. मी शिकवायचे आणि बाया बोलायच्या. पहिल्यांदा मी ऐकायला शिकले. पुढच्या वेचणीला कापूस फुटला, मजूर पुरेनात, तेव्हा मुकादम बोलवायला आला. बायांनी आधी आपसात ठरवलं होतं. मला फक्त कळवलं. गिलासात पाणी, नाहीतर वेचणी नाही. दोघी-तिघी फुटल्या, गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. कापूस झाडावर लोंबायला लागला. शेवटी त्या घरून निरोप आला, गिलास देतो, या.

पाटलीणबाईंनी नवा गिलास आणला. अंगणात वेगळा रांजण मांडला. गिलास रोज गोठ्यात ठेवायच्या.

जग तेवढंच हललं. एका गिलासाएवढं. बाया हरखल्या नाहीत. ताई म्हणाली, यंदा गिलास, आता रांजणाचं पाहू.

तिची पोरगी शाळेत परत गेली नाही. एक वर्ष मोडलं ते मोडलंच. वेचणीच्या बायांत ती आता सगळ्यात पुढं चालते. माझ्याशी नीट बोलते, पण मला मावशी म्हणताना थोडं थांबते. ते थांबणं माझ्या वाटणीचं आहे. ते कोणाला मी देऊ शकत नाही.

शाळा मी सोडली नाही. पोरांना शिकवते. आंघोळ करा म्हणते, खरूज होते म्हणून. नखं कापा म्हणते, पोटात घाण जाते म्हणून. कोणी आपल्याला जवळ करावं म्हणून नाही. ते कारण मी वर्गातून काढून टाकलं आहे. आणि उद्या तुमच्यातल्या एकाला कोणी आत बोलावलं, तर बाकीचे कुठं बसणार ते आधी विचारा, असं सांगते. बाहेर, असं उत्तर आलं तर आत जायचं नाही. पण एकट्यानं मागं फिरायचं नाही. आधी घरी यायचं. सगळ्यांना सांगायचं. मग सगळ्यांनी मिळून त्या दारात जायचं.