काचेतला डावा हात

कपिलधारला मास्तरांचा कॅमेरा चोरीला गेला, तो सोमवार अजून माझ्या ध्यानात आहे. मास्तर आता नाहीत, म्हणून हे लिहून ठेवतो.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. एकावर एक दोन भिंगं असलेले जुने फ्रेंच कॅमेरे जमवणं, हा त्यांचा एकमेव नाद. असा कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं असतं. त्या दिवशी ते तसेच धबधब्याकडे बघत होते. दुसरा कॅमेरा समोरच्या खडकावर पिशवीत होता. ती पिशवी एकाने उचलली. मास्तरांनी मान वर करेपर्यंत तो गर्दीत मिसळला. फिर्यादीत त्यांनी ठामपणे सांगितलं, की चेहरा नीट दिसला नाही, पण डाव्या हाताला फडकं बांधलेलं होतं.

लवकरच खबऱ्याने कळवलं, की शिरूर कासारकडचा एक तरुण मेंढपाळ कपिलधारजवळच्या माळावर उतरला आहे आणि त्याच्या डाव्या हाताला फडकं आहे. आम्ही त्याला ठाण्यात आणलं. लोकर कातरताना कातर लागली, असं तो सांगत होता.

"कावून बे, कातर काय पयल्यांदा धरली व्हय?" हवालदारांनी विचारलं.

"मेंढरू उधळलं, सायेब," तो म्हणाला. "सोयरीक ठरली हाय माजी. पोरीच्या घरी कळलं तर मोडंल. म्या न्हाई घेतलं काई."

खोटं बोलणारा माणूस दर वेळी काहीतरी जोडत जातो. हा तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. पण मास्तरांसारखा साक्षीदार चुकेल, असंही वाटेना.

मुद्देमाल शोधायचा तर नेमकं वर्णन हवं, म्हणून मी मास्तरांच्या घरी गेलो. चोरीला गेलेल्या कॅमेऱ्यासारखाच दुसरा त्यांनी टेबलावर ठेवला. बाजारात दोन भिंगांचा कुठलाही कॅमेरा जर्मन म्हणून खपवतात, असं ते म्हणाले. या फ्रेंच कॅमेऱ्याच्या दोन्ही भिंगांच्या कडा दातेरी होत्या. वरचं भिंग फिरवलं की खालचंही फिरायचं. भिंगाभोवती बारीक अक्षरांत पॅरिसचं नाव होतं. मी लिहून घेतलं. मग त्यांनी मला वरच्या काचेत बघायला सांगितलं आणि स्वतः चहाचा कप घेऊन समोर उभे राहिले.

"मास्तर, तुम्ही डावरे आहात?" मी विचारलं.

"नाही. का हो?"

मी मान वर केली. कप त्यांच्या उजव्या हातात होता. पुन्हा काचेत पाहिलं, तर डाव्या.

मास्तर खुर्चीत बसले. आतल्या आरशामुळे डावं-उजवं उलटं दिसतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. "इतकी वर्षं यात बघतोय, साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "उलटं दिसतं हे मलाच दिसेनासं झालं."

मेंढपाळाला त्याच संध्याकाळी सोडलं. उजव्या हाताला फडकं बांधलेला एक माणूस कपिलधारजवळच्या हॉटेलातलं काम सोडून गेला होता. त्याला धरल्यावर त्याने कबुली दिली, की कॅमेरा दिंद्रुडच्या एका भंगारवाल्याला विकला. भंगारवाला मात्र, हा तो नव्हे, हा जर्मन कॅमेरा आहे, अशा शपथा घेत होता. मास्तरांनी पंचांसमोर वरचं भिंग फिरवलं, खालचं फिरलं. गुन्हा उघडकीस आला, पण मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. ते मला घेऊन मेंढपाळाच्या गावी गेले आणि त्याच्यापुढे हात जोडले.

"माजी माफी नगा मागू, गुर्जी," तो म्हणाला. "पोरीच्या गावात चला. तितं सांगा."

मास्तर मला घेऊन तिथेही गेले. देवळासमोर, मुलीच्या वडिलांदेखत, चूक आपली होती असं त्यांनी सांगितलं आणि ज्याला त्याला कॅमेऱ्याच्या काचेत बघायला लावलं. एका म्हाताऱ्याने बराच वेळ बघितलं. "बरं झालं गुर्जी, तुमी पोलीस न्हाई झाले," असं म्हणून त्याने माझ्याकडे नजर टाकली. लोक हसले. सोयरीक टिकली.

खोटा साक्षीदार ओळखायला मी नोकरीत शिकलो होतो. खरं बोलणाऱ्यालाही, त्याने कुठून आणि कशातून पाहिलं, हे विचारावं लागतं, ते या प्रकरणाने शिकवलं. त्यानंतर शक्य तिथे मी साक्षीदाराच्या जागी स्वतः उभा राहून बघत असे.

मास्तर गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या मुलीने सगळे कॅमेरे पुण्याच्या एका संग्राहकाला दिले. मेंढपाळाच्या लग्नात मास्तरांनी काढलेला फोटो त्याच्या घरी भिंतीवर आहे.