पानामागचे पिवळे दाणे

सगळे तिला थोरलीच म्हणत. घरातली थोरली सून म्हणून ते नाव पडलं आणि सासू-सासरे गेले तरी चिकटून राहिलं. पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, तरी उजाडायच्या आत ती साबणाच्या पाण्याची बादली घेऊन कोबीत उतरायची. एकेक पान उलटायचं, अळी दिसली की चिमटीत धरून बादलीत टाकायची. पानामागे बारीक पिवळ्या दाण्यांचे पुंजके दिसले, की ही उद्याच्या अळ्यांची अंडी म्हणून अंगठ्यानं चिरडायची. वाफ्याच्या टोकाला पोचेपर्यंत कमरेचा काटा ढिला व्हायचा.

हौस म्हणून कोणी एवढं वाकत नाही. तिच्या नवऱ्यानं उभी हयात पाठीवर पंप अडकवून याच कोबीवर औषध मारलं होतं, तोंडाला साधा रुमालही न बांधता. बांधा म्हटलं की म्हणायचा, "मी काय अळी आहे मरायला?" आता तो खिडकीपाशी खुर्ची टाकून दिवसभर खोकत बसायचा. औषधाचा नुसता वासही याला सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि कोबी तर खिडकीला खेटून. फवारणी करायची म्हणजे त्याला मुलीकडे शहरात पाठवणं आलं. तिथे गेला की तो परत यायचा नाही, हे दोघांनाही कळत होतं.

शेत सामाईक, त्यामुळे दिराचाही शब्द चालायचा. दीर वाईट नव्हता, नुसता उतावळा. "वहिनी, या खेपेला तुमच्या मनासारखं करा," तो म्हणाला होता. "पण गड्डे पोखरले तर मी पंप काढणार." म्हणून थोरली डोळ्यांत तेल घालून पानं उलटत होती. तिनं जिवाचं रान केलं, तरी अळ्या काही हटेनात.

शेवटी तिनंच अंथरूण धरलं. ताप उतरेना, कंबर उचलेना. दोन दिवसांत उठते म्हणता म्हणता आठवडा उलटून गेला. पडल्यापडल्या तिला अळ्यांचं कुरतडणं ऐकू येतंय असं वाटायचं. दीर दोनदा पंप भरून बांधापर्यंत आला. दोन्ही वेळा नवरा काठी टेकत बाहेर गेला आणि "ती उठू दे, मग बघू," म्हणून त्याला परतवून आला.

उठली त्या सकाळी तिनं आधी बादली शोधली.

"जरा बस," नवरा म्हणाला.

खिडकीच्या कट्ट्यावर काचेचा पेला होता, तोंडाला फडकं बांधलेला. आत कोबीचं एक पान होतं, आजारी पडायच्या आदल्या दिवशी तिनं भाजीला आणलेल्या गड्ड्याचं. बसून बसून कंटाळलेल्या माणसानं ते जपून ठेवलं होतं. पानावरचे पिवळे दाणे फुटले होते आणि काचेवर इवल्याशा काळ्या माश्या फिरत होत्या.

"अळ्या कुठायत?" तिनं विचारलं.

"अंडी नव्हतीच ती. माश्यांचे कोश होते. अळीच्या पोटात वाढतात, तिलाच खाऊन बाहेर पडतात. मी जाऊन बघून आलो. कितीतरी अळ्या लोळागोळा होऊन पडल्यात आणि शेजारी हेच दाणे."

थोरलीनं पेला उचलून डोळ्यांजवळ धरला. "म्हणजे मी इतके दिवस आपल्याच बाजूच्यांना चिरडत होते?"

"अळ्याही मारल्यासच की."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"झाले तीन-चार दिवस. म्हटलं, ताप उतरू दे."

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट राग आला, माश्यांचा, नवऱ्याचा, स्वतःच्या अंगठ्याचा. मी राबले तेव्हा कोबी जात होता आणि मी पडले तेव्हा तो सावरला, हे तिच्या घशाखाली उतरेना.

दुपारी दीर आला. बाहेरची पानं चाळणी झाली होती, काही गड्डे साफ गेले होते, पण बाकीचे दाबून बघितले तर आत घट्ट होते. पेल्याकडे त्यानं बराच वेळ बघितलं. "बसल्या जागेवरून दादानं शेत राखलं म्हणायचं," असं पुटपुटला आणि पंप खुंटीला अडकवून गेला. तो गेल्यावर थोरली कोबीच्या सरीत जाऊन बसली आणि रडली. दमलेलं माणूस रडतं, तशी.

दुसऱ्या दिवशी सवयीनं तिला अंधारातच जाग आली. बादलीची कडी हातात धरून ती दारापाशी उभी राहिली. राहिलेल्या अळ्या वेचायला हव्या होत्याच. पण दिवस उजाडल्यावर, दाणे ओळखू येतील अशा उजेडात. तिनं बादली खाली ठेवली आणि परत येऊन आडवी झाली.

"काय गं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. नंतर जाते."

खिडकी उघडी होती. आत नुसता ओल्या मातीचा वास येत होता. तो एकदा खोकला, मग कुशीवर वळला. तो काहीतरी पुढे बोलला, पण ते ऐकायला ती जागी नव्हती.