एक मिस कॉल म्हणजे बरं हाय

मीनाबाई काही विकत घ्यायला निघाली की दुकानदारानं आधी पाणी पिऊन घ्यावं, अशी तिची ख्याती. कलिंगडाला टिचकी मारणार, कानाला लावणार, देठ हुंगणार आणि वर विकणाऱ्यालाच विचारणार, "गोड हाय म्हणताय पावणं, मग तुम्ही का खाल्ला न्हाईसा?" कोल्हापुरात म्हैस घेताना माणसं धार काढून बघतात. ही बया चप्पल घेतानासुद्धा धार काढून बघायची. गल्लीत चार येरझाऱ्या घालून यायची नव्या चपलेनं, आणि दुकानदार बिचारा तिच्या जुन्या जोडाकडं बघत बसायचा.

अशा बाईनं आयुष्यात एकदाच धार न काढता वस्तू घेतली. मोबाइल. आणि तोही घाबरून घेतला म्हणून.

घाबरायला कारण होतं. तिचा नवरा बाबासो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यानं बावीस वर्षं साचे भरले. साचे भरायचे म्हणजे दिवसभर काळ्या वाळूत राबायचं. बाहेरची वाळू आंघोळीनं जाते, आत गेलेली कुठं जाणार? पन्नाशीलाच माणूस जिन्याच्या मधल्या पायरीवर टेकायला लागला. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरून बघितला. मग म्हणाले, "यांना एकटं सोडू नका. दम कोंडला तर फार वेळ हाताशी नसतो."

एकटं सोडू नका! आणि फौंड्रीच्या मालकानं उपकार म्हणून काम दिलं ते काय, तर मागच्या बाजूच्या बंद शेडची राखण. सकाळी आठ ते चार. आत जुने लाकडी साचे, गंजलेलं लोखंड, एक बाजलं आणि बाबासो. गेटवरचा वॉचमन आकाराम दोन-अडीचला चहाची किटली घेऊन फिरकायचा, तेवढंच माणसाचं तोंड. काम सोडावं तर खायचं काय? मीनाबाई कसबा बावड्यात एका मेसमध्ये कॉलेजच्या पोरींसाठी चपात्या लाटायची, तिच्या एकटीच्या लाटण्यावर घर चालण्यासारखं नव्हतं. मग एकच उपाय उरला. फोन.

दोन हजार सहा साल होतं. भाजीवाल्याच्या कमरेलाही मोबाइल लटकायला लागला होता. कोपऱ्यावर एका कंपनीनं मांडव टाकून स्वस्तात फोन वाटायला काढले, आणि मीनाबाईनं तिथंच एक उचलून नवऱ्याच्या हातात ठेवला. शेडमध्ये गेल्यावर फोन मेला. पत्र्याखाली त्या कंपनीची रेंजच नाही. मग दुसऱ्या कंपनीचं कार्ड घालू, म्हणून फोन उघडला तर कार्डाला जागाच नाही. त्या कंपनीचा फोन, त्या कंपनीलाच बांधलेला. पतिव्रताच म्हणा की.

"लॉक हाय त्यो, मावशी," मेसमधली साक्षी म्हणाली. सांगलीची पोर, इंजिनिअरिंगला. "कुलूपवाला."

"मग किल्ली?"

"किल्ली कंपनीकडं."

मीनाबाईनं त्या मांडवाच्या दिशेनं अशा काही शिव्या दिल्या की साक्षी दोन चपात्या जास्त जेवली. तो फोन मग मीनाबाईनं स्वतःला ठेवला, कारण मेसमध्ये त्याला रेंज होती. आणि बाबासोसाठी फोन शोधायला ती पदर खोचून निघाली. या खेपेला धार काढल्याशिवाय नाही.

मंगळवार पेठेत विश्वजित नावाच्या तरुणाचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन घरांच्या मधली फट. तिथं मीनाबाई तीन दिवस रोज गेली.

"मावशी, ह्यो बगा, रंगीत. क्यामेरा हाय. दुबईचा माल," विश्वजित म्हणाला.

"दुबईत रंगीत चालत असंल. हितं लॉक हाय का न्हाय?"

"हुता. मी तोडलाय की. कॉम्प्युटरवर."

"तोडलेल्या कुलपाचं दार कोण घराला बसवतंय, पावणं? मला जन्मापास्नं उघडा पाहिजे. कुठल्याबी कंपनीचं कार्ड घाला, नांदला पाहिजे."

"मग ह्यो काळा घ्या. साधा हाय, वर टॉर्च हाय. पडला तर फरशी फुटंल, ह्यो फुटायचा न्हाय."

"बटनं मोठी हाईत," मीनाबाई अंगठा फिरवत म्हणाली. "त्यांचा हात थरथरतोय. घेतो मी. पण आधी एक दिवस घिऊन जातो, आन् तीन कंपन्यांची तीन कार्डं द्या."

"मावशी, ही काय म्हस हाय व्हय?"

"म्हस बरी. ती निदान हंबरती."

स्वतःचा फोन गहाण ठेवून तिनं तो काळा फोन नेला, बोलून बोलून विश्वजितची स्वतःची कार्डंही नेली. के.एम.टी.च्या बसनं शिरोलीला उतरली आणि शेडमध्ये देवीचा गोंधळ घातल्यासारखी फिरली. पहिलं कार्ड घालून बाजल्यापाशी. नळापाशी. दारापाशी. पडद्यावरच्या रेंजच्या काड्या मोजायच्या आणि पुढं सरकायचं. बाबासो बाजल्यावर बसून बघत होता, हसला की खोकला यायचा म्हणून हसू दाबत.

"मीने, भूत काढाय लागलीयास काय?"

"गप बसा. बोलू नका, दम लागंल."

पहिल्या कार्डाला काडी नाही. दुसऱ्याला दारात एक, आत शून्य. तिसऱ्याला बाजल्यावर, उशाशी, निजल्या जागी, दोन काड्या. मीनाबाईनं फोन उशाला ठेवून, उचलून, परत ठेवून बघितला. दोनच्या दोन. तेव्हा कुठं ती खाली टेकली आणि पदरानं तोंड पुसलं. घाम पुसला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पैसे मोजून स्वतःचा फोन सोडवला, आणि कार्ड घेतलं ते लाईफटाईम. एकदा पैसे भरले की जन्मभर फोन येत राहणार.

"जन्मभर कुणाच्या?" बाबासोनं विचारलं. "कंपनीच्या का माझ्या?"

"वाकडं बोलू नका, दीप्तीचं बा."

दीप्ती म्हणजे त्यांची लेक, इचलकरंजीला दिलेली. तिला पहिला फोन लावला, दुसरा मीनाबाईला. बाबासो शेडमधून आणि मीनाबाई पंधरा पावलांवर बाहेर उन्हात. "जय भीम, मीनाबाई," तो साहेबासारखा बोलला, आणि मीनाबाई लाजली. एवढी दांडगी बाई, भर एमआयडीसीत लाजली.

आता फोन आला तरी बोलणं महाग. उचलला की लावणाऱ्याचा बॅलन्स जातो, हे तेव्हा दुधपित्या पोरालाही ठाऊक होतं. अख्खं गाव मिस कॉलवर चालायचं. दूधवाला एक देणार, म्हणजे भांडं घेऊन या. रिक्षावाला दोन देणार, म्हणजे खाली उभा आहे. मिस कॉल उचलणारा माणूस म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली भाकरी उचलणारा. तेव्हा नवराबायकोनंही ठरवलं.

"साडेबाराला जेवला की एक द्यायचा," मीनाबाईनं सांगितलं. "एक म्हंजे बरं हाय. दम लागला, कायबी झालं, तर दोन. दोन आलं की मी निघालोच."

"आन् मेलो तर किती?"

"मेल्यावर तुमच्याकडनं एकबी सुटायचा न्हाय, कंजूष!"

साक्षीला हे कळलं तेव्हा ती ताटावरून म्हणाली, "मावशी, उलटं पाहिजे वो. त्रास झाला तर एक, बरं असंल तर दोन. त्रासात दोनदा कसं दाबतील?"

"अगं, बरं तर रोजच असणार की," मीनाबाई म्हणाली. "रोज त्या म्हाताऱ्याला दोनदा दाबाय लावू व्हय? बोटं थरथरत्यात त्यांची."

बोलणं तिथंच मिटलं.

दोनची व्यवस्थाही तिनं पक्की केली. मेसच्या समोर कृष्णातची रिक्षा उभी असायची. त्याला सांगून ठेवलं, आणि नुसतं सांगून ठेवेल तर ती मीनाबाई कसली? एका दुपारी काही नसताना त्याला पळवत शेडपर्यंत नेलं, घड्याळ लावून. चौदा मिनिटं. बाबासो दचकून बाजल्यावर उठून बसला. "काय झालं गं?"

"काय न्हाय. बघाय आलतो किती वेळ लागतोय."

पुढं तीन महिने रोज साडेबाराला मीनाबाईच्या पिशवीत फोन वाजायचा. अर्धी रिंग झाली न झाली की बंद. पोरी ओरडायच्या, "मावशी, काका जेवलं!" आणि मीनाबाई लाटणं आपटून म्हणायची, "गिळलं एकदाचं." पण फोन वाजेपर्यंत तिच्या चपात्या वाकड्या व्हायच्या आणि वाजल्यावर गोल, हे सगळ्या पोरींच्या ध्यानात आलेलं.

तो फेब्रुवारीतला गुरुवार होता. मेसमध्ये पुरणपोळीचा बेत, हात कोपरापर्यंत कणकेत. सव्वाअकराला फोन वाजला. साक्षीनं पिशवीत डोकावून बघितलं. "काकांचा हाय. आज लवकर."

"भूक लागली आसंल."

फोन वाजत राहिला. एक रिंग, दुसरी, तिसरी. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या.

"मावशी, लांब वाजतोय. उचलू?"

"हात लावू नगंस!" मीनाबाई ओरडली. "त्यांचं पैसं जात्याल. कट करायचं बटन घावंना आसंल म्हाताऱ्याला."

फोन पूर्ण वाजला आणि आपोआप थांबला. मीनाबाईनं लाटणं उचलून धरलं आणि कान दिला. दुसरा येतो का बघितलं. पोळी तव्यावर फुगली, खाली बसली. दुसरा आला नाही.

"एकच," ती म्हणाली. "बरं हाय."

त्या दिवशीच्या पोळ्या अगदी गोल झाल्या.

साडेबाराला फोन वाजला नाही. आजचा तर येऊन गेलाय, असं तिनं धरलं. पोरी जेवल्या, भांडी झाली. अडीचला पिशवी परत वाजायला लागली. बाबासोचाच नंबर.

दोन.

मीनाबाईनं फोन उचलला नाही, कट केला नाही. वाजता फोन मुठीत धरून ती अनवाणी रस्त्यावर पळाली. "कृष्णात! दोन आलं! दोन आलं रं!" रिक्षात बसल्यावर परत वाजला, तर ती फोनलाच सांगत होती, "आलो, आलो. दम धरा. आलो की." दुसरा कॉल आला म्हणजे माणूस बटन दाबतोय. बटन दाबतोय म्हणजे आहे. पंचगंगेच्या पुलावर कृष्णातनं दोन ट्रकांच्या मधून रिक्षा घातली. तेरा मिनिटांत पोचवलं. एक मिनिट वाचवलं पोरानं.

शेडच्या दारात आकाराम उभा होता. चहाची किटली खाली कलंडलेली. कानाला तो काळा फोन.

"वैनी, मगापास्नं लावतोय," तो म्हणाला. "उचला की."

बाबासो बाजल्याच्या खाली एका कुशीवर होता. श्वासाचा पंप लोखंडाच्या ढिगाखाली गडगडत गेलेला. फोन त्याच्या हातात होता आणि हात कानाशी, असं आकारामनं सांगितलं. मिस कॉल देणारा माणूस फोन समोर धरतो, पडद्याकडं बघत, कधी कट करू म्हणून. कानाला लावतो तो बोलायला.

दवाखान्यात मीनाबाईनं डॉक्टरला एवढंच विचारलं, "सव्वाअकराला आलो असतो तर?" डॉक्टरांनी हातातला कागद उलटून बघितला. मागची बाजू कोरी होती. तरी ते बघत राहिले.

सगळं झालं. वस्तीतल्या लोकांनी वंदना म्हटली, दीप्ती आठवडाभर राहून गेली. पंधरा दिवसांनी विश्वजित घरी आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. दारातच घुटमळत म्हणाला, "मावशी, तो फोन नको असंल तर मी परत घेतो. पैसं पुरतं देतो."

"फोन चांगला हाय, पावणं," मीनाबाई म्हणाली. "फोनचं काय चुकलं न्हाय. बॅलन्ससुदिक हाय तेवढाच हाय त्यात. माझ्यापायी एक पैसा गेला न्हाय त्यांचा."

विश्वजितला पाणी पाजून तिनं लावून दिलं.

स्वतःचा कुलूपवाला फोन तिनं टाकून दिला आणि तो काळा वापरायला घेतला, बाबासोच्याच कार्डासकट. मेसचं काम चालू आहे. पोरी पूर्वीसारखाच मिस कॉल देतात, मावशी निघालो, ताट वाढा. पण मीनाबाई आता कुणाचा कॉल मिस होऊच देत नाही. कणकेचे हात असोत, तव्यावर चपाती जळो. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलते.

"जय भीम. बोल."

"मावशी!" परवा साक्षी पलीकडनं किंचाळली. "उचलायचं न्हाय वो! माझं पैसं गेलं!"

"जाऊ देत."

"काय न्हाय, नुसता मिस कॉल हुता. ठेवा की आता."

"बरी हाईस न्हवं?"

"व्हय वो, एक दिला म्हंजे बरंच की…"

"एक-दोन मला सांगू नगंस," मीनाबाई म्हणाली. तव्यावरची चपाती काळी पडत होती, तिनं तिकडं बघितलं नाही. "तोंडानं सांग."