हलवलेलं रेशीम

आर्थिक क्रॅशनंतर नवऱ्याची दुबईतली नोकरी गेली आणि आमचं बिऱ्हाड माझ्या पगारावर आलं. मी अल ऐनच्या एका प्रयोगशाळेत होते. माणसाच्या मूलपेशींत नवं जनुक पोहोचवायचं, तेही रेशमाच्या प्रथिनात गुंडाळून, असं आमचं काम. हे रेशीम किड्याचं नव्हे, जिवाणूंकडून हवं तसं बनवून घेतलेलं. जनुक आत पोहोचलं तर पेशी हिरव्या चमकणार होत्या. या खेपेला चमकल्या तर कॉन्ट्रॅक्ट वाढेल, नाहीतर खलास, असं बॉसने स्वच्छ सांगितलं होतं.

रेशमाचं द्रावण शारजातल्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. एकच बाटली. ती बर्फाच्या डब्यात घालून मी गाडीत नवऱ्याकडे दिली आणि सही राहिली म्हणून पुन्हा वर गेले.

परत आले तर त्याचा चेहरा खुललेला. घरी बसल्यापासून माझ्या काही उपयोगी पडलं की तो असा दिसायचा.

"तळाशी काहीतरी बसल्यासारखं वाटलं," तो म्हणाला. "मस्त शेक करून ठेवलंय. डोन्ट वरी."

मुलीला खोकल्याचं औषध तोच द्यायचा, बाटली दणादण हलवून. हे रेशीम मात्र जोरात हलवलं की हळूहळू थिजतं, आणि थिजलेलं पुन्हा पातळ होत नाही. मला संताप आला. "यल्ला, चल," एवढंच म्हणाले.

वाटभर मी डबा उघडून बाटली तिरकी करून बघत होते. अजून पातळच होतं. "काय झालं?" त्याने विचारलं. "काही नाही. गाडी हळू घे." प्रत्येक बंपला मी डबा मांडीवरून उचलून धरत होते. अल ऐनच्या पहिल्या राउंडअबाउटला बाटली तिरकी केली आणि आतलं हललं नाही. मग मी त्याला सांगितलं, सगळं, ओरडून. त्याने गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरच राहिले.

नवं रेशीम बनेपर्यंत थांबायला बॉस तयार नव्हता. आम्ही सामान विकून पुण्याला आलो. विमानतळावर मुलगी विचारत होती, "बट व्हाय आर वी गोइंग?" तो बॅगा ट्रॉलीवर चढवत राहिला.

त्यानंतर तो विषय मी कधी काढला नाही. पुण्यातही मुलीला औषध तोच द्यायचा. बाटली जपून कपाटातून काढायचा आणि न हलवताच चमच्यात ओतायला लागायचा. मी ती त्याच्या हातातून घ्यायचे, हलवायचे आणि परत त्याच्याच हातात द्यायचे.