दाराचं नवं रबर

घरात आले की ते पाणी मागायच्या आधी वर्तमानपत्राची पट्टी मागायचे. पट्टी फ्रिजच्या दारात अडकवायची, दार लावायचं आणि ओढायची. सहज निसटली की माझ्याकडे वळून म्हणायचे, "बगा ताई, इथनं थंडी जाते. मशीन बिचारी दिवसभर पळते."

आटगावहून स्कूटरवर आमच्या शेणव्याला येणारे हे फ्रिज दुरुस्त करणारे काका तुम्हाला मास्तरच वाटले असते. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचे. गरम भाताचं पातेलं आत दिसलं तर स्वतः बाहेर काढायचे. दार उघडं धरून विचार करणाऱ्या माझ्या नवऱ्याला एकदा म्हणाले, "काय पायजे ते आदी ठरवा, मंग उघडा." पुढे आठवडाभर नवरा ओट्यापाशी उभा राहून ठरवायचा.

शेजारच्यांचा फ्रिज फार जुना, खटक्याच्या दांड्याचा, बाहेरूनच उघडणारा. काकांनी त्याचं रबर बदललं, तरी तो वीज खातच राहिला. शेवटी काकांच्याच सांगण्यावरून नवा आला. जुना पडवीत गेला.

मे महिन्यातली दुपार होती. काका माझ्याकडे काम करत होते. शेजारची पाच वर्षांची दिशा लपाछपी खेळता खेळता दिसेनाशी झाली. माणसं विहिरीकडे धावली. काकांनी बाहेर येऊन हाका ऐकल्या आणि एवढंच विचारलं, "जुना फ्रिज कुटं ठेवलाय?"

मी शेजारच्या पडवीकडे बोट दाखवताच ते कुंपण ओलांडून गेले. दांडा ओढला. दिशा बाहेर कलंडली. घामाने निथळत होती, ओठ निळे. रडली नाही, हलली नाही. काकांनी तिला अंगणात आडवं केलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास दिला. पुन्हा दिला. आम्ही नुसते उभे होतो. किती वेळ गेला ते आजही सांगता येत नाही. मग ती खोकली.

आईने तिला कवटाळलं. काका मातीतच बसले.

"रबर मीच बसवलं," ते म्हणाले. "कागद पन निसटत नवता. हवा कुटनं जाईल?"

"काका, तुम्हीच वाचवलंत तिला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून, ज्या ज्या घरी त्यांनी जुना फ्रिज काढायला सांगितला होता तिथे ते गेले. पार मुरबाडपर्यंत. कोणाला काही न सांगता पान्याने दारं काढत राहिले.

दिवाळीच्या सुमारास माझा फ्रिज बिघडला. मी फोन केला.

"दुसऱ्याला सांगा, ताई. दार लावताना हात थांबतो माजा. आत कोन नाय ना, तेच बगत बसतो."

त्यानंतर ते शेणव्याला आले नाहीत.