पातळ पोहे आणि मनःशांती

दिवाळीच्या चार दिवस आधी मी मनःशांती मिळवायचं ठरवलं, कारण नंतर वेळ मिळाला नसता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. यांची बँकेतली बदली लखनौला झाली होती आणि आम्ही तिथल्या महानगर नावाच्या कॉलनीत भाड्याने राहत होतो. पुताईवाला अर्धी भिंत पिवळी करून "अभी आया, बहनजी" म्हणून गेला तो गेलाच. पलंग अंगणात, भांडी पलंगावर, आणि सासूबाई पुण्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे दिवाळीला येणार! फोनवर म्हणाल्या, "बाकी काही केलं नाहीस तरी चालेल, चिवडा तेवढा जमू दे." (म्हणजे बाकी सगळं करायचंच, हे सुनांना कळतं.) चिवड्याचे पातळ पोहेसुद्धा त्यांनीच ओळखीच्यांबरोबर पाठवले होते. आमच्या बाजारात मिळायचा तो चूरा, म्हणजे जाडे पोहे. हे पोहे बिघडले असते तर चिवड्याच्या नावाने शंख!

मी यांच्यावर, लेकीवर, उतू जाणाऱ्या दुधावरसुद्धा खेकसत होते. शेजारच्या मिश्राभाभी नुकत्याच योगशिबिर करून आल्या होत्या. चेहऱ्यावर इतकी शांती, की बघूनच माझं डोकं फिरायचं!

"सुधाजी, बस आँखें बंद करके बैठिए," त्या म्हणाल्या. "आवाज़ आए, आने दीजिए. कोई परेशान करनेवाला मन में आए, तो मुस्कुराकर कहिए, आ गए? अच्छा. अब जाइए."

सासूबाई यायच्या त्या दुपारी पोहे गच्चीत जुन्या साडीवर उन्हात घातले होते. माकडांमुळे काठी घेऊन बसणं भागच होतं. म्हटलं, राखणही होईल आणि ध्यानही! हे स्टेशनवर गेले होते. गाडी नेहमी उशिराच यायची, त्यामुळे मला घाई नव्हती.

"स्वाती, घर पडलं तरी मला हाक मारायची नाही!"

"हाँ मम्मी."

डोळे मिटले. आधी मनात पुताईवाला आला. हसून म्हटलं, आलात? बरं. आता जा. (तसाही तो गेलेलाच होता.) मग खोबऱ्याचा भाव आला, तोही गेला. आणि काय सांगू, खरंच हलकं वाटायला लागलं! कुठूनतरी कुरकुर आवाज येत होता. येऊ दिला.

"मम्मी, सुनो ना..."

"शूऽऽ!"

"ठीक है, बाद में डाँटना मत," म्हणून लेक खाली गेली.

थोड्या वेळाने सासूबाई मनात आल्या. "अगं सुधा, हे काय?" आवाज अगदी हुबेहूब! मी गोड हसले आणि मोठ्याने म्हणाले, "आलात? बरं. आता जा."

कुरकुरसुद्धा थांबली.

"सुधा!" हे ओरडले. "आई आहे ती! माझी आई!"

डोळे उघडले. गच्चीच्या दारात सासूबाई, मागे होल्डॉल घेतलेले हे. मेली गाडी नेमकी त्याच दिवशी वेळेवर आली होती! आणि आमच्या मधोमध, पोह्यांच्या साडीवर, माकडांची अख्खी पंगत. पोहे जवळजवळ संपले होते. मी किंचाळले.

"गुस्सा नहीं, सुधाजी!" पलीकडच्या गच्चीतून मिश्राभाभी म्हणाल्या. "बस देखिए!"

"तेच तर करतेय!"

सासूबाईंचे डोळे भरून आले होते. "पोहे गेले खड्ड्यात. दारात पाऊल ठेवलं नाही तोच सून मला जा म्हणते."

"आई, शप्पथ, तो नुसता विचार होता हो! तुम्ही नव्हतात!"

"म्हणजे मनातसुद्धा मला हाकलतेस?"

हे होल्डॉलचे पट्टे सोडण्यात एकदम गुंग झाले.

सासूबाई भाऊबीजेनंतर परतणार होत्या. त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि जाहीर केलं, "पोरीच्या डोक्याला ताण आलाय. मी आता थांबते."

त्या होळीपर्यंत थांबल्या. रोज सकाळी माझ्या हातात चहा देऊन म्हणायच्या, "तू डोळे मिटून स्वस्थ बस. घरात लक्ष घालू नकोस." कॉलनीभर कौतुक झालं, ध्यानाने सुधाजी किती शांत झाल्या! शांत कसली डोंबलाची, तोंड उघडायची हिंमतच राहिली नव्हती!