आखाजीला जोडू

माझ्या बायकोने गेम खेळायचा कॉम्प्युटर मागितला तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती आणि तिच्या हाताला सलाईन लावलेलं होतं. मी हसलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने हसलो. आज ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आम्ही धुळ्याचे. माझं पत्र्याचं वर्कशॉप आहे; कूलर बनवतो. तिचे उपचार जळगावला चालू होते. दर तीन आठवड्यांनी मी तिला माझ्या छोट्या टेम्पोत शेजारी बसवून न्यायचो. दिवसभर एकेक बाटली अंगात उतरायची आणि ती फोनवर काहीतरी बघत पडायची. मला वाटायचं भजनं बघत असेल, नाहीतर सासू-सुनांच्या मालिका. त्या दिवशी तिने फोन माझ्यापुढे धरला. एक माणूस कॉम्प्युटरसमोर बसून ट्रक चालवत होता. हातात स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि क्लच. रस्ता आपल्याकडचा. कुण्या हौशी लोकांनी त्या गेममध्ये ढाबे, टोलनाके, रस्त्यात बसलेल्या गायी, मागे फुलं रंगवलेले ट्रक असं सगळं घातलं होतं.

"माले ट्रक चालाडना शे," ती म्हणाली.

तिचं माहेर पारोळ्याचं आणि बाप ट्रक ड्रायव्हर. लग्नानंतर आखाजीला तिला न्यायला मुराळी म्हणून तेच यायचे आणि ट्रक घेऊनच यायचे. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणींचा सगळ्यात मोठा सण. बाकीच्या लेकी एसटीत चेंगरत माहेरी जायच्या, ही केबिनमध्ये उंच बसून. लग्न ठरलं त्या वर्षी बापाने तिला बाजार समितीच्या मोकळ्या आवारात स्टिअरिंगवर बसवलं होतं. एकच चक्कर. तिने हट्ट धरला तेव्हा म्हणाले, पुढच्या आखाजीला ये, मोठ्या रस्त्यावर देतो. पुढच्या आखाजीला हिला सातवा महिना होता, त्याच्या पुढच्याला अंगावर पोर, आणि मग एका हिवाळ्यात बापच गेला. ही गोष्ट तिने मला सत्तावीस वर्षांत पन्नासदा तरी सांगितली असेल. मी दरवेळी म्हणायचो, बरं झालं, नाहीतर पारोळ्याचा किल्ला पाडला असतास.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं होतं ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिला ते माहीत होतं. मला काही विचारून तिने कधी अडचणीत आणलं नाही. तिला फक्त एकदा धुळ्याहून पारोळ्यापर्यंत स्वतः ट्रक न्यायचा होता, मग तो पडद्यावरचा का असेना. हे मला कळायला वेळ लागला, पण कळल्यावर मी हो म्हणालो. एक आकडा सांगितला आणि वर बजावलं, याच्यापुढे एक रुपया नाही.

मग मुलीच्या जुन्या वहीत यादी सुरू झाली. बाईने आयुष्यभर माझ्या तीन महिन्यांच्या कमाईत बारा महिने घर चालवलं होतं. तुटपुंज्यात बसवायची कला तिला शिकवायला नको होती. फोनमधल्या पोरांचं बोलणं ऐकून ती लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. प्रोसेसर एक पायरी खाली आणला, मॉनिटर मुलीचा जुना चालेल म्हणाली, कॅबिनेटला रंगीत दिवे नकोत. "दिवा लगीनमा लावतस," म्हणाली. पण स्टिअरिंग-पेडलला आणि ग्राफिक्स कार्डाला हात लावू देईना. चित्र अडखळलं तर ट्रक कसला, बैलगाडीच ती.

मी म्हटलं, मग प्रोसेसर अगदीच स्वस्तातला घे ना.

तिने विचारलं, "मोठ्या कूलरले बारका पंप लावा तर काय व्हस?"

"गवत कोरडं राहतं. गरम हवा येते."

"मंग?" एवढंच म्हणून ती परत लिहायला लागली. माझ्याच धंद्यात तिने मला गप्प केलं. पॉवर सप्लाय वजनावरून ओळखावा हेही तिनेच सांगितलं. भरताचं वांगं हलकं बघून घेतात, हा जड बघून घ्यायचा.

आमचं खरं भांडण झालं ते पंख्यांवरून. कॅबिनेटला दोन जास्तीचे पंखे तिने यादीत लिहिले होते. माझं डोकंच फिरलं. कूलरवाल्याच्या घरात पंखे विकत आणायचे? म्हटलं, कॅबिनेटचा पत्रा काढून ठेव, समोर मोठा कूलर लावतो, एप्रिलमध्येसुद्धा थंडीने कुडकुडेल तुझा कॉम्प्युटर. ती शांतपणे म्हणाली, "तुमना कूलर पानी फेकस. त्यामा पानी गयं का बठ्ठं खलास." मी दोन दिवस धुसफुसलो. पंखे यादीत राहिले.

मार्चमध्ये एका खेपेला, दवाखान्यातून सुटल्यावर आम्ही जळगावच्या बाजारात गेलो. दुकान एका वयस्क मारवाडी शेठांचं. कापडाचं दुकान बंद करून मुलांच्या सांगण्यावरून या धंद्यात आलेले, पण गादीवर बसायची ऐट तीच. त्यांनी डोक्याला रुमाल बांधलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "भाभीजी, नातवासाठी का?"

"नाही. मला," ती म्हणाली.

शेठांनी चष्मा लावला आणि ती वही वरपासून खालपर्यंत वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, यादी कोणी केली? यात मला बदलायला काहीच नाही." तिचा चेहरा असा खुलला की मला लाज वाटली, सत्तावीस वर्षांत मी तिच्या कुठल्या कामाला असं म्हटलं होतं?

शेठ म्हणाले, आमचा माणूस जोडून देईल, उद्या न्या. तिने मान हलवली. "नको. घरी जोडू. हे जोडतील, मी सांगेन." तिला एकेक भाग जागेवर बसताना बघायचा होता. स्वतःच्या हाताने जोडला असता, पण औषधांनी तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. भाकरी उलटताना चटका बसायचा तो तिला वासावरून कळायचा. स्क्रू तर चिमटीत धरताच येत नव्हता. तेव्हा डोकं तिचं आणि हात माझे, असं ठरलं.

परत येताना ग्राफिक्स कार्डाचं खोकं तिने मांडीवरून खाली ठेवलं नाही. पारोळं आलं तेव्हा काच खाली करून म्हणाली, "आते मी ट्रक लईसन येसू." मी हॉर्न वाजवला. त्या दिवशी आम्ही दोघंही फार खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना ती म्हणाली, "सांजले जोडूत का? तासभरनं काम शे."

मी म्हणालो, "फोनातल्या लोकांचं सगळं तासाभरात होतं. एवढी नाजूक वस्तू, निवांत दिवस पाहिजे. आखाजीला जोडू. मुहूर्त चांगला, मुलगीही माहेरी आलेली असेल."

तिने खोक्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मना बापबी आसंच बोलना व्हता."

"तुझ्या बापाकडे ट्रक होता, माझ्याकडे गिऱ्हाईक उभं आहे," म्हणून मी चप्पल घातली.

आता खरं लिहितो. मुहूर्त हे निमित्त होतं. मार्चपासून मे महिन्यापर्यंत आमच्याकडे ऊन जाळतं आणि त्या तीन महिन्यांवर कूलरवाल्याचं वर्ष उभं असतं. सीझन होता, म्हणून मी ढकललं. मुहूर्तच हवा होता तर आठवड्यावर गुढीपाडवा होता. तोही साडेतीन मुहूर्तांतलाच. पाडव्याच्या सकाळी तिने गुढीजवळ खोकी मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्या दिवशी सात कूलर पोचवायचे होते. मी म्हटलं, "आखाजी आखाजी करता करता येईलच की." तिने खोकी परत खाटेखाली सरकवली.

त्या दिवसांत ती एक काम रोज करायची. खाटेच्या पायथ्याशी एक वीट ठेवली होती. दुपारी उशीला टेकून बसायची आणि उजव्या पायाने ती वीट दाबायची, सोडायची, दाबायची. तळवे बधिर होते, पाय विटेवर पडला की बाजूला, ते बघितल्याशिवाय कळत नव्हतं. न बघता जमलं पाहिजे, कारण नजर रस्त्यावर हवी, असं तिचं म्हणणं. मी जेवायला घरी यायचो तेव्हा हे बघायचो. पत्र्याचे चरे पडलेले माझे हात धुवायचो, जेवायचो आणि परत जायचो.

पाडव्यानंतर दहा दिवसांनी तिला ताप भरला. टेम्पोत शेजारी बसवली तर मान सरळ राहीना. मुलीला फोन करून मी तसाच जळगावच्या रस्त्याला लागलो. पारोळं आलं तेव्हा मी तिला मोठ्याने सांगितलं, पारोळं आलं बघ. तिने डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आखाजीला एकोणीस दिवस राहिले होते.

आखाजी आली. तिला कोण अडवणार? पहूरला दिलेली माझी मुलगी आई नसलेल्या माहेरी आली. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. कुंभाराकडून नवी घागर आणली. पाणी भरलं, वर लोटी ठेवली, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी आंबा आणि मुलीने केलेल्या सांजोऱ्या. सांजोऱ्या फुटल्या होत्या. त्या न फुटता कशा तळायच्या हे आईला विचारायचं राहून गेलं, म्हणाली. मग उंबरठा धुऊन मी कुंकू घेऊन बसलो. एकेका पितराचं नाव घ्यायचं आणि उंबरठ्यावर कुंकवाचं एक बोट ओढायचं. आजा, बाप, आई. चौथं बोट तिचं. हात तिथेच थांबला. बायकोला मी कधी नावाने हाक मारली नव्हती. अगं, ऐकलं का, यातच सगळं भागलं होतं. ते नाव माझ्या तोंडून निघेना. शेवटी मुलीने घेतलं आणि मी बोट ओढलं.

जेवणं झाल्यावर मी खाटेखालची खोकी बाहेर काढली. मुलगी म्हणाली, "आबा, राहू द्या. शेठांना परत देऊन टाकू." मी म्हणालो, "आखाजीला जोडू म्हणालो होतो." कोणासाठी, ते तिने विचारलं नाही. ती आईची वही घेऊन समोर बसली.

यादीच्या मागच्या पानांवर तिने जोडायची रीत लिहून ठेवली होती, एकाखाली एक, माझ्यासाठी. मुलगी वाचत गेली, मी करत गेलो. आधी प्रोसेसर, कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाला जुळवावा, जोर लावू नये. मग रॅम, दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज येईपर्यंत दाबावी. एका ठिकाणी लिहिलं होतं, "इथे स्क्रू फार आवळायचे नाहीत. हे आवळतील, तेव्हा सांगणे." मी आवळतच होतो. मुलगी वाचता वाचता थांबली आणि वही तोंडावर धरून रडायला लागली. मी स्क्रू अर्धा फेरा सैल केला. माझ्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मला एकच भीती होती की ते आत पडेल. पानी गयं का बठ्ठं खलास.

ग्राफिक्स कार्ड शेवटी बसवलं. दोन्ही पंखे लावले. टेबलाला स्टिअरिंग घट्ट केलं, खाली पेडल ठेवले, वीट उचलून दाराबाहेर नेली. बटण दाबलं. पंखे फिरले, आवाज असा नाहीच, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. पहिल्याच फटक्यात सुरू झाला. तिच्या यादीत काहीच चुकलेलं नव्हतं.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. जोडायला बसून एक तास दहा मिनिटं झाली होती. एका कूलरला मला दोन तास लागतात.